कमानीवरचा दोर

मोबाइल खाली ठेवा पोरांनो, आणि मधेमधे ‘मग काय झालं आबा’ करू नका. आपला चेतन ड्रायव्हर, मुंतझा वस्तीतल्या आपल्या याच खोलीत त्या खिडकीखाली झोपायचा, तो तेव्हा तिथे हजर होता. गोष्ट मात्र हमीदची.

हमीद रत्नागिरीकडचा, इथे आखातात बोर्ड बनवण्याच्या दुकानात कारागीर. उत्तरेकडच्या शमालच्याही पुढे, समुद्रालगतच्या एका खेडवळ जिल्ह्याने रस्त्यावर नवी कमान उभारली होती. नाव कशाला हवं? कमानीवर जिल्ह्याचं बोधचिन्ह बसवायचं काम हमीदकडे आलं. वर होडी, खाली मोती, आणि दोघांना जोडणारा बारीक दोर.

जैद नावाचा तिथला म्हातारा दुकानात बसून मोडक्यातोडक्या हिंदीत त्याचा अर्थ सांगून गेला. होडी म्हणजे गाव. मोती म्हणजे पोट. आणि दोर म्हणजे मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्याला वरून धरून बसलेला माणूस. खालून हिसका आला की त्याने ओढायचं. हात सोलवटले तरी सोडायचं नाही.

हमीदने नुसती मान हलवली. चार वर्षं झाली होती, त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी गावच्या विहिरीतला पंप काढायला त्याचा धाकटा भाऊ दानियाल उतरला होता. वर दोर हमीदच्या हातात. खालून हिसका आला, अचानक सगळा भार आला, आणि दोर गेला, दानियालही गेला. निसटला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. त्या रात्री आईने, खतिजाबाईंनी, त्याचे तळवे उजेडात उघडून पाहिले. साधा ओरखडा नव्हता. तिने त्याच्या मुठी मिटवल्या आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

आता या धंद्यात एक वाईट खोड असते. बारीक पट्टी मशीनवर कापताना मोडते, म्हणून कारागीर ती गुपचूप गाळतो. एवढ्या उंचावर कोण बघतंय? हमीदने दोर गाळला.

गेल्या नोव्हेंबरातली बुधवारची रात्र. सकाळी उद्घाटन होतं. चेतनने पिकअप कमानीखाली लावला, हमीद परांचीवर चढला आणि दोघांनी मिळून बोर्ड दोराने वर घेतला. एक वाजता हमीदने दोर सोडून खाली टाकला. खलास, तू झोप, मी स्क्रू आवळून येतो, असं तो म्हणाला. चेतन मागे हौद्यात आडवा झाला.

पावणेदोन. शेवटचा स्क्रू बसला. हमीदने बॅटरीचा उजेड चिन्हावर टाकला. होडी. मोती. मधे काहीच नाही.

वारा पडला होता. हातापाशी काहीतरी हललं.

दोर. परांचीच्या फळीवरून खाली गेलेला. ओला.

त्याने तो का उचलला, त्यालाच माहीत नाही. दोर सैल होता. मग...

एक हिसका.

खाली काळोख. कमानीखाली डांबरी रस्ता, तरी खोल पाणी हलल्याचा आवाज. आणि अगदी खालून, दमलेला आवाज आला.

“भाय... ओढ.”

भार आला. तोच भार. तळवे पेटले. त्याने दोर मनगटाला गुंडाळला. ओढला. पुन्हा ओढला. वर काहीच येईना. भार कमीही होईना. त्याने सोडला नाही. तीन वाजले... चार वाजले...

पहाटेची, फज्रची अजान झाली आणि हात हलके झाले.

चेतन वर चढला तेव्हा हमीद फळीवर बसून रडत होता, चार वर्षांनी पहिल्यांदा. मोडक्या आवाजात त्याने सगळं सांगितलं. दोन्ही तळव्यांची सालटं निघाली होती, मनगटावर दोराचे पीळ जसेच्या तसे उमटले होते. चेतन म्हणतो, त्याला घाम फुटला. कारण त्यांच्याकडे दोर एकच होता. एक वाजल्यापासून तो गुंडाळून चेतनने उशाला घेतला होता, आणि तो कोरडा ठणठणीत होता.

उजाडल्यावर हमीदने घरी व्हिडिओ कॉल लावला. दोन्ही तळवे कॅमेऱ्यापुढे धरले. खतिजाबाईंनी फोन जवळ घेऊन एकेक तळवा पाहिला.

मग म्हणाल्या, “हळद लाव.”

हळद लावली त्याने. तळवे भरून आले. मनगटावरचे पीळ मात्र अजून आहेत, आणि चेतन सांगतो, पहाटे ते ओले लागतात.