जड झालेली बाटली

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत सुकेशनीनं काट्यावर बाटली ठेवली आणि तिचा चेहरा उतरला. बाटली जड झाली होती.

दुपारी विभागप्रमुख सर्जेराव सरांची तक्रार आली. सुकेशनीनं बाटलीतला महागडा द्रव चोरून वर पाणी भरलं, तिची पीएच.डी. रद्द करावी. चौकशी संस्थेचे सुरक्षा अधिकारी, निवृत्त फौजदार सूर्यभान यांच्याकडे गेली. संभाजीनगरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. अशा गावात पाणी कुणी बाटलीत वाया घालवतं, हे त्यांना पटेना.

"हाय तरी काय त्यात?" त्यांनी सुकेशनीला विचारलं.

"मीठ, काका. पण पाण्याविनाच पातळ राहणारं. एकमेकांना चिकटलेली दोन प्रथिनं ते सुटी करतं. त्यात पाणी शिरलं की जोर जातो. आज माझी प्रथिनं सुटेनात."

"झाकण उघडं राहिलं तर?"

"हवेतला ओलावा पितं. पण या उन्हाळ्यात हवेत ओलावा आहे कुठं?"

मुद्दा बिनतोड होता. टंचाईमुळं कूलरवर बंदी होती. सर्जेराव सरांच्याच सहीची नोटीस दारोदार लागली होती. बाटलीच्या कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच, तिच्याकडे आणि सरांकडे. शनिवारी मुंबईचे पाहुणे विभाग बघून गेले, एवढंच काय ते वेगळं घडलं होतं.

सरांनी केबिनमध्ये चहा पाजला. बाटलीला आपण हातही लावला नाही म्हणाले, मग पाणीबचतीवर बराच वेळ बोलले. सूर्यभाननी टेबलावरच्या बशीतली खारी मोडायला घेतली. ती मोडली नाही, वाकली.

त्यांनी सुकेशनीला तिथंच बोलावून घेतलं.

"सर, पाणी भरणारा चोर आधीच्या वजनाइतकंच भरतो. जास्त भरून कोण सापडंल? बाटली आपोआप जड झाली. तिला ओली हवा लागली. बाहेर पापड न तळता मोडतोय, अन् तुमच्याकडं खारी सादळती."

त्यांनी खिडकीचा पडदा सारला. मागं कूलर होता, वाळ्याचे पडदे ओलेचिंब.

"पाहुण्यांना पातळ मीठ दाखवायला बाटली हितं आणली. झाकण सैल राहिलं, कूलर सुट्टीभर चालू, अन् आज सकाळी गुपचूप कपाटात परत ठेवली. व्हय का नाय?"

"कूलरचं कळलं असतं तर माझी नाचक्की झाली असती," सर शेवटी म्हणाले.

"अन् हिची पीएच.डी.?"

सरांनी तक्रार मागं घेत असल्याचं लिहून दिलं. शिपाई बन्सीनं कूलरची टाकी उघडली. ती काठोकाठ भरली होती. पाणी कुठं ओतू, असं त्यानं विचारलं.

सुकेशनी बादली आणायला गेली.