दार विकलं, पण न्यायला कोणी आलं नाही

हे सगळं मी पोलिसांना सांगितलंय. त्यांनी अर्धं लिहून घेतलं, मग पेन खाली ठेवलं.

तुम्हाला पूर्ण सांगते. यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

मी लिनेट. आम्ही न्यूझीलंडच्या दक्षिणेला, ओमारूला राहतो. घरात मी, नवरा ग्रॅहम आणि त्याचे वडील विल्फ. गेल्या जुलैची गोष्ट, म्हणजे ऐन थंडीतली.

पुढच्या दाराच्या फटींतून दक्षिणेचा वारा आत शिरायचा. म्हणून ग्रॅहमने नवीन अ‍ॅल्युमिनियमचं दार बसवलं. जुनं काढून गॅरेजमध्ये भिंतीला टेकवलं. जड लाकडाचं, रंगीत काचेचं, देखणं दार होतं ते.

सासऱ्यांचं डोकं अलीकडे कधी ताळ्यावर असायचं, कधी नसायचं. नवीन दारासमोर जाऊन ते उभे राहायचे.

"आपलं दार कुठे गेलं रे?"

"गॅरेजमध्ये आहे, डॅड. विकतोय."

"मग मी जायचं कुठून?"

"यातूनच जायचं की! हे काय, समोर तर आहे."

ते हळूच मान हलवायचे. "हे नाही..."

मी दार लिलावाच्या साईटवर टाकलं. फोटो, मापं, आणि खाली 'स्वतः येऊन घेऊन जावे'. बोली बरी चढली. शेवटी ई. गॅलोवे नावाच्या कोणीतरी दार जिंकलं.

मी मेसेज केला. न्यायला कधी येताय?

उत्तर नाही.

पुन्हा केला. पुन्हा काही नाही.

पण वाचल्याची खूण मात्र यायची... मी पाठवायचा अवकाश, लगेच. जणू पलीकडे कोणीतरी फोन हातात धरूनच बसलंय.

"रिकामटेकडे लेकाचे!" ग्रॅहम वैतागला. "बोली लावायची आणि मग तोंड लपवायचं. सोड त्याला. दोन नंबरच्या बोलीवाल्याला विचार."

साईटवर तशी सोय असते. मी विचारलं. टिमारू गावच्या डेनिस नावाच्या बाई होत्या. त्या लगेच हो म्हणाल्या आणि शनिवारी दुपारी ट्रेलर घेऊन हजर झाल्या. मोठ्या आवाजाची, हसरी बाई.

"त्या गॅलोवेचं नशीब फुटकं म्हणायचं. ए लिनेट, कमरेला जप हं, पुढचा खर्च मी देणार नाही!"

आम्ही दोघींनी दोन बाजूंनी दार धरलं. उचलणार, तेवढ्यात डेनिसने हात काढून घेतला.

"आत कोण आहे?"

"कुठे आत?"

"दाराच्या आत... आत्ता कोणीतरी टकटक केली. माझ्या हाताला लागलं."

दारामागे विटांची भिंत होती. मध्ये मांजरसुद्धा मावणार नाही एवढीच जागा.

मी हसायला गेले. तेवढ्यात माझ्याही तळहाताला लागलं.

टक... टक.

आतून.

डेनिस तडक गाडीत जाऊन बसली. रिकामा ट्रेलर खडखडवत निघून गेली. तिच्यासाठी केलेले चीज रोल ओट्यावर तसेच गार झाले.

ग्रॅहमला सांगितलं तर तो म्हणाला, "उंदीर असेल. तू त्या गॅलोवेला सरळ फोन लाव आणि झाड त्याला चांगला."

साईटने नंबर आणि पत्ता दिलेला होता. मी गॅरेजमध्येच उभी राहून फोन लावला. बाहेर लख्ख ऊन होतं. ग्रॅहम शेजारी हाताची घडी घालून उभा होता.

माझ्या कानात रिंग वाजली.

आणि गॅरेजमध्येही वाजली.

जुन्या फोनची घंटा... लांबवर, एखाद्या मोठ्या बोळाच्या टोकाला वाजावी तशी.

दारामागे.

मी फोन कापला. घंटा थांबली.

ग्रॅहमच्या हाताची घडी सुटली होती. "परत लाव," तो म्हणाला.

लावायला नको होता.

या वेळी कोणीतरी उचलला. कोणी बोललं मात्र नाही. नुसते घरातले आवाज येत होते. बशा मांडल्याचे, खुर्च्या सरकवल्याचे. मग एक बाई बोलली. माझ्याशी नाही... तिथल्याच कोणाशी तरी.

"थांबा जरा. आणतायत ते."

फोन आपोआप बंद झाला.

ग्रॅहमने त्याच दुपारी दार ट्रकमध्ये टाकलं. गॅलोवेचा पत्ता गावाबाहेरचा, काकानुईच्या बाजूचा होता. मीही गेले. त्याला एकट्याला पाठवायचं धाडस झालं नाही.

तिथे घर नव्हतं.

मेंढ्यांचं कुरण, तारेचं कुंपण, आणि मधोमध सिमेंटच्या पायऱ्या. वर चढून गेलं की पुढे काहीच नाही. इकडे लाकडी घरं अख्खीच्या अख्खी ट्रकवर घालून हलवतात, तसं हेही कधीच नेलं असावं. पायऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या.

"कोणीतरी आपली थट्टा करतंय, ग्रॅहम. परत नेऊ या."

"तुला हे परत घरी न्यायचंय?"

मी दाराचं एक टोक धरलं. दार पायऱ्यांजवळ गवतात आडवं ठेवलं आणि आम्ही निघालो. मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. फोन वाजला. साईटवर गॅलोवेने आमच्याबद्दल अभिप्राय लिहिला होता. त्याच्याकडून आलेलं ते पहिलं उत्तर.

'दार मिळालं. छान बसलं. आता विल्फ आले की जेवायला बसू.'

मी डॅडच्या खोलीकडे धावले.

खोली रिकामी. चहाच्या मगमधून अजून वाफ येत होती.

नवीन दाराला आतून कुलूप... किल्ली खिळ्याला. मागचं दारही आतून बंद. खिडक्या थंडीमुळे सगळ्या लावलेल्या.

आम्ही पोलिसांना फोन केला आणि थेट त्या कुरणात गेलो. गवत दाराच्या आकारात दबलेलं होतं.

दार नव्हतं.

पोलिसांनी माग काढणारी एक कुत्री आणली. तिला डॅडचा स्वेटर हुंगायला दिला. ती सरळ पायऱ्या चढून वर गेली आणि तिथेच बसली.

समोर नुसती हवा.

ती शेपटी हलवत होती. मान वर करून... दारात आलेल्या माणसाकडे बघावं तशी.

समुद्रकिनारा, नदी, सगळं पालथं घातलं. डॅड सापडले नाहीत. गॅलोवेचा नंबर लावला तर असा नंबरच नाही म्हणतात.

ग्रॅहम आता वरचेवर त्या पायऱ्यांवर जाऊन बसतो. मागच्या आठवड्यात मी त्याला आणायला गेले. तो अगदी वरच्या पायरीवर होता. कान पुढे करून.

"चल घरी."

"श्श... डॅड हसतायत गं."

मला काही ऐकू येत नव्हतं. वारासुद्धा पडलेला.

"ग्रॅहम, ऊठ!"

"किती वर्षांनी असे हसतायत, लिन. ऐक तरी."

दंडाला धरून मी त्याला ट्रकमध्ये बसवलं. तेव्हापासून ट्रकची किल्ली माझ्याजवळच असते.

आज सकाळी जाग आली तर तो शेजारी नव्हता.

काकानुईच्या रस्त्यावर सापडला. पायी चालला होता. अंगात लग्नाकार्याचा कोट, केस नीट विंचरलेले. हातात फडक्याने झाकलेली बशी होती... आमच्याकडे जेवायला बोलावलं की एखादा पदार्थ घालून नेतात ना, तशी.