काढून ठेवलेले दिवे

रागावू नका. तुम्ही सांगितलंत हॉर्न वाजत नाही, आणि मी मीटर खोलायला घेतलाय. हॉर्न पाच मिनिटांचं काम आहे, होईल. पण हल्ली दारात येणाऱ्या प्रत्येक गाडीचा मीटर मी आधी उघडतो. का ते सांगतो. तो दिवा जरा इकडे धरा... हं, असा. आणि त्या फळीवरच्या हिरव्या डब्याला हात लावू नका. त्याचंही सांगतो. स्क्रू सहा आहेत आणि माझे डोळे काही पूर्वीचे राहिले नाहीत, तेव्हा वेळ लागणारच आहे.

गाड्यांच्या वायरिंगमध्ये माझी चाळीस वर्षं गेली. इंजिन बघणारे वेगळे, ब्रेक बघणारे वेगळे. माझं काम वायर, बल्ब, फ्यूज आणि बॅटरी एवढंच. पण एका गोष्टीसाठी माझं नाव झालं होतं. समोरच्या मीटरमध्ये एखादा लाल-पिवळा दिवा लागून बसला आणि जाता जाईना, की लोक माझ्याकडे यायचे. नीट दुरुस्तीला कोणाला वेळ नसायचा. "मिस्त्री, तेवढा दिवा बंद करा हो, डोक्याला ताप झालाय." मी मीटर काढायचो, मागून मक्याच्या दाण्याएवढा बल्ब फिरवून बाहेर घ्यायचो आणि रिकाम्या खोबणीवर काळी टेप लावायचो. गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

हे बरोबर नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. म्हणून मनाची समजूत घालायला मी एक नियम केला होता. काढलेला बल्ब फेकायचा नाही. टेपच्या तुकड्यात गुंडाळायचा, वर पांढऱ्या शाईने गाडीचा नंबर लिहायचा आणि खणात ठेवायचा. "काम करून घेतलंत की या, दिवा परत बसवून देतो," असं मी प्रत्येकाला सांगायचो. एकही माणूस परत आला नाही.

तो हिरवा डबा मला एका औषध कंपनीच्या माणसाने दिला. सतत निलगिरीच्या गोळ्या चघळायचे, म्हणून आम्ही सगळे त्यांना गोळीवाले साहेब म्हणायचो. दिलखुलास माणूस. गाडीशी बोलायचे, तिला "बाईसाहेब" म्हणायचे. एकदा आले ते जरा ओशाळून. मीटरमध्ये ब्रेकचा दिवा लागला होता, तो लाल गोल, मध्ये उद्गारचिन्ह असलेला. "ऑइल टाकलं मिस्त्री, तरी दोन दिवसांनी लागतोच. घरी सगळ्यांना घोर लागलाय. सध्या बंद करा. पुढच्या आठवड्यात ब्रेक उघडून घेतो, नक्की." मी बल्ब काढला. ठेवायला खणात जागा शोधत होतो, तर त्यांनी उरलेल्या दोन गोळ्या तोंडात टाकल्या आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला. "घ्या, तुमच्या दिव्यांना घर." खणातल्या आधीच्या सगळ्या पुड्याही मी त्यातच हलवल्या.

पुढच्या आठवड्यात ते गेले. पठार संपून रस्ता तलावाकडे उतरतो ना, तिथे तिसऱ्या वळणावर गाडी कठड्याला धडकली. डुलकी लागली असेल, असं सगळे म्हणाले. मी मूग गिळून बसलो. त्यांच्या घरी भेटायलाही गेलो नाही, आणि त्या दिवसापासून कोणाचा दिवा काढला नाही.

तीन वर्षांनी, थंडीत, सकाळी सकाळी तीच गाडी इथे येऊन उभी राहिली. पुढचा पत्रा ठोकून सरळ केलेला, रंग नवा, नंबर तोच. चालवत होत्या त्यांच्या मिसेस. नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात.

"ह्यांच्या डायरीत तुमचा नंबर होता," त्या म्हणाल्या. "गाडी इतकी वर्षं झाकून ठेवली होती. आता माझी बदली तलावापलीकडच्या हॉस्पिटलात झालीय, म्हणून बाहेर काढली. पण ती मला पोहोचवतच नाही, मिस्त्री. पठार संपलं, उताराच्या तोंडाशी आलं, की इंजिन बंद. सगळे दिवे लागतात. कितीही सेल्फ मारा, ढिम्म. तोंड घराकडे वळवलं की पहिल्या फटक्यात चालू. तीन आठवडे झाले, मी अर्ध्या रस्त्यात गाडी सोडून बसने जातेय. चार जणांनी हात टेकले."

"बघू," मी म्हणालो.

"सोमवारपासून मुलीलाही बरोबर न्यायचंय. तिकडच्या पाळणाघरात नंबर लागलाय. तोवर होईल ना?"

त्या दिवशी गुरुवार होता. मी स्कॅनर लावला. एकही बिघाड नोंदलेला नाही. बॅटरी ठणठणीत, अर्थिंग स्वच्छ, पेट्रोलचा पंप, रिले, किल्लीचा स्विच, सगळं जागच्या जागी. इंजिन तासभर चालू ठेवलं. मस्त घुमत होतं.

"इंजिन बंद पडलं की तेलाचा, बॅटरीचा, इंजिनचा असे दिवे लागतातच," मी त्यांना समजावलं. "त्यात घाबरण्यासारखं नाही."

"आणि तो गोल? उद्गारचिन्हवाला? तो सगळ्यांत आधी लागतो. तो लागतो आणि मग इंजिन बंद पडतं."

वाटलं, पत्रा ठोकणाऱ्यांनी नवा बल्ब घातला असेल. किल्ली फिरवली, बाकीचे दिवे लागले, तो नाही. हँडब्रेक ओढला, तरी नाही. मग मीटर बाहेर काढून मागून पाहिलं. खोबण रिकामी होती. माझी काळी टेप तशीच होती, कडेला धूळ धरलेली.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"अजून काही नाही," मी म्हणालो. तेव्हा गप्प राहून आणि आता बोलून, त्या घराशी मी दुसऱ्यांदा खोटं वागलो.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. त्या स्टिअरिंगवर, मी शेजारी, मीटर नुसता अडकवलेला, स्क्रू न लावता. पठारावर धुकं उतरलं होतं. तसं धुकं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. रस्ता दहा पावलं दिसायचा, मग पांढरा व्हायचा. झाडं बाजूने हळूहळू यायची आणि आवाज न करता मागे जायची. गाडी इतकी अलगद चालत होती की चाकं जमिनीला लागतायत की नाही कळेना. ओल्या गवताचा वास येत होता. मला झोप आल्यासारखं वाटत होतं, आणि भीती वाटायला हवी तिथे कसलं तरी बरं वाटत होतं, लहानपणी तापात आई उशाशी बसायची तसं.

"ह्यांना धुकं आवडायचं," सिस्टर हळूच म्हणाल्या. "म्हणायचे, बाईसाहेब आता आपल्या मनाने चालतायत, आपण गप्प बसायचं."

आणि मग वास बदलला. गवताचा गेला आणि निलगिरीचा आला. पहिल्यांदा पुसट, मग अगदी जवळून, कोणीतरी मागच्या सीटवरून पुढे वाकून बोलावं इतक्या जवळून. मी वळून पाहिलं नाही. सिस्टरनी आरशात पाहिलं नाही. त्यांनाही वास आला होता, हे त्यांच्या हातांवरून कळत होतं.

"आलं..." त्या म्हणाल्या. "इथेच."

मीटरमध्ये तो लाल गोल लागला. सावकाश लागला, चुलीत निखारा फुलतो तसा. मग इंजिनचा आवाज विरत गेला, गाडी चार पावलं घरंगळली आणि थांबली. समोर रस्ता धुक्यात खाली जात होता. खालून कुठून तरी तलावाचं पाणी काठाला लागल्याचा आवाज येत होता.

मी मीटर हातात घेतला. मागे रिकामी खोबण, पुढे लाल दिवा. मागची वायरची पिन उपटली. बाकीचे सगळे दिवे गेले. तो एकटा माझ्या हातात, कशालाही न जोडलेला, जळत राहिला. त्याचा उजेड सिस्टरच्या गालावर पडला होता.

"मिस्त्री..."

"हँडब्रेक ओढा," मी म्हणालो. "आणि पायाचा ब्रेक दाबून बघा. सोडा. परत दाबा."

पहिल्यांदा पाय निम्म्यावर गेला. दुसऱ्यांदा त्याखाली. तिसऱ्यांदा पेडल तळाला टेकलं आणि वर आलंच नाही.

मी खाली उतरलो. आदल्या दिवशी मी इंजिन, वायर, बॅटरी सगळं पाहिलं होतं, चाकांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बंद पडणारी गाडी म्हटल्यावर ब्रेक कोण बघतो? मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला तर बोटं ओली झाली. ब्रेकची पाइप गंजून झिरपत होती. पुढचं सगळं अपघातानंतर बदललेलं, पण ही मागची पाइप जुनीच. त्यांच्या वेळचीच. मी तिथेच रस्त्यावर बसलो.

सिस्टर उतरून समोर उभ्या राहिल्या.

"ब्रेक नाहीत," मी म्हणालो. "पठारावर त्यांची फारशी गरज पडत नाही म्हणून कळलं नाही. खाली गेला असतात तर..." मग मी थांबलो नाही. सगळं सांगून टाकलं. बल्ब, टेप, डबा, पुढचा आठवडा. "त्यांना डुलकी लागली नव्हती. दिवा मी काढला होता. तो असता तर ते उतरले नसते."

धुकं आमच्या मधून जात होतं.

"तो दिवा मी काढायला लावला," त्या शेवटी म्हणाल्या. "मी तेव्हा पोटुशी होते. तो लाल दिवा बघितला की मला धडकी भरायची. म्हटलं, हा बंद करून आणा, नाहीतर मी गाडीत बसणार नाही. ते हसले, म्हणाले, लगेच करतो." त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "तीन वर्षं मी हे कोणालाच सांगितलं नाही, मिस्त्री. मला वाटायचं, ते माझ्यावर रागावून गेलेत."

"रागावले असते तर गाडी थांबवली असती का?" मी म्हणालो, आणि मग मलाच रडू आलं.

त्या गाडीत वाकल्या आणि दिव्याजवळ तोंड नेऊन, झोपलेल्या माणसाला उठवावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "कळलं मला. मी खाली नाही जात." आणि तो लाल गोल आला तसाच सावकाश मावळला. इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. पठारावरून पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकच्या भरवशावर, मी गाडी परत आणली. सपाट रस्ता म्हणून जमलं.

शनिवारी ब्रेकवाल्याकडून सगळ्या पाइपा नव्या घालून घेतल्या. संध्याकाळी सिस्टर मुलीला घेऊन आल्या. मी म्हणालो, "एक काम राहिलंय. काम झाल्यावर दिवा परत बसवायचा, असं ठरलं होतं." डबा काढला, नंबर बघून पुडी उघडली. टेप वितळून चिकटली होती. बल्ब मी काढला तेव्हा चांगला होता, तीन वर्षं डब्याबाहेर आलेला नव्हता. आता त्याची काच आतून काळी झाली होती आणि तार तुटली होती. वर्षानुवर्षं जळून संपलेला बल्ब जसा दिसतो, अगदी तसा. मी नवा बसवला. सिस्टर रोज जातात-येतात. गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुमचा हॉर्न केव्हाच करून दिला असता.

अकरा दिवसांपूर्वी सकाळी गॅरेज उघडलं तर आत निलगिरीचा वास. डबा खाली घेतला. आत अजून एकतीस पुड्या आहेत. एकेक हातात घेतली. तीस थंड होत्या. एक कोमट लागली. तिच्यावरचा नंबर पुसलेला, एकही आकडा वाचता येईना. कोणाची गाडी, कधीची, काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी ती जास्त गरम होती. त्यानंतर रोज थोडी थोडी वाढतेय. म्हणून हे सगळे मीटर उघडतोय मी. तुमची चाळिसावी की एक्केचाळिसावी गाडी असेल.

हा शेवटचा स्क्रू. दिवा जरा जवळ आणा... अजून जवळ.

ही गाडी तुम्ही वापरलेलीच घेतलीत ना? तरीच. ही खोबण बघा... ही टेप माझी आहे.

हल्ली कुठे बंद पडली होती का? दोनदा... कुठे? उतार सुरू व्हायच्या आधी?

हॉर्न राहू द्या. गाडी इथून हलवायची नाही. तो हिरवा डबा तेवढा आणा इकडे. नाही, नुसत्या हाताने नको... फडकं घ्या. भाजेल.