आरसा धरणारी

चांगदेव फोटोग्राफर श्रीवर्धनला आगबोटीतून उतरला आणि बैलगाडीने दिवेआगरकडच्या जुन्या देवळात कोरीवकाम टिपायला आला, तो यंदा एकटाच. एरवी बरोबर बायको, केसर, असायची. देवळात अंधार, म्हणून ती बाहेर उन्हात आरसा धरून आत मूर्तीवर कवडसा पाडी.

"एकदा फोटोत ये की," तो म्हणे.

"मग आरसा कोण धरील?" ती हसे.

माघात ती तापाने गेली. जगाचे फोटो काढणाऱ्याकडे बायकोचा एकही फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. अलीकडे तिचा चेहराही त्याला धड आठवेना, आणि त्याचीच त्याला फार भीती वाटे.

तिचा आरसा त्याने आणला होता. पण ती गेली त्या दिवशी तिच्याच लुगड्यात तो झाकून बांधला होता, ती गाठ त्याला सोडवेना.

"मनुबाई, तुमच्याकडे आरसा आहे का? बाहेर धराल जरा?" त्याने देऊळ झाडणाऱ्या बाईला विचारलं.

"हाय की. आणते," म्हणत ती वाडीकडे गेली.

खांबावर एक दगडी सुंदरी दगडी आरशात पाहत उभी होती. चांगदेवने तिच्यासमोर कॅमेरा मांडला. ओल आणि वटवाघळांचा उग्र वास. इतक्यात कवडसा आला आणि खांबावर स्थिरावला.

"जरा वर…" तो सवयीने पुटपुटला, स्वतःलाच ऐकू येईल इतकं.

कवडसा वर सरकला. केसर माळायची त्या सुरंगीच्या गजऱ्याचा वास आला. मार्गशीर्षात सुरंगी कुठली? तरी फोटो त्याने घेतला. भिंगावर झाकण बसवताच उजेड गेला.

मनुबाई धापा टाकत आली. "उशीर झाला वो दादा. आरसा गावतच न्हवता."

"मग… उजेड कुणी पाडला?"

"कसला उजेड? ऊन कवाच देवळाच्या मागं गेलंय."

त्याने पायाशी ठेवलेलं गाठोडं चाचपलं. गाठ तशीच होती. आतली काच मात्र उन्हात तापल्यासारखी ऊन लागली.

अलिबागला परतून त्याने कॅमेऱ्यातली फोटोची काच धुतली, कागदावर छाप काढली. सुंदरीच्या दगडी आरशात केसर होती. उन्हाने एक डोळा बारीक केलेली, हसणारी. चांगदेवला रडू कोसळलं.

"आलीस गं… आलीस शेवटी फोटोत."

छाप त्याने छातीशी धरली. मग तिचंच बोलणं त्याला आठवलं आणि त्याचं रडणं थांबलं.

ती फोटोत होती. मग आरसा कोणी धरला होता?