मुका अँप

लोणावळ्यात भांगरवाडीतलं माझं 'त्र्यंबक रेडिओ दुरुस्ती' हे दुकान शोधत येणारी माणसं दोन प्रकारची असतात. एक, मोबाईलचा चार्जर मागणारे पर्यटक. त्यांना मी चिक्कीच्या दुकानाचा रस्ता दाखवतो. दुसरी, ज्यांना सगळीकडून 'हे आता भंगारात घाला' असं उत्तर मिळालेलं असतं ती. सुरज या दुसऱ्या प्रकारातला. मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, त्यानं रिक्षातून गिटारचा अँप उतरवला. काळ्या रेक्झिनची लाकडी पेटी, आत जुन्या पद्धतीचे काचेचे व्हॉल्व्ह आणि वजन तांदळाच्या पोत्याएवढं. सोबत त्याची थोरली बहीण होती.

"काका, वाजता वाजता एकदम आवाज गेला," तो म्हणाला. "लाईट लागती, व्हॉल्व्ह पेटत्यात, पन आवाज न्हाई."

"धूर? जळका वास? खरखर?"

"कायबी न्हाई."

असल्या बिघाडांचा मला मनापासून राग येतो. धूर निघाला की चोर सापडतो. नुसता गप्प बसलेला सेट म्हणजे रुसलेला जावई, काय बिनसलंय ते सांगणारच नाही.

मी बहिणीला पाणी हवं का विचारलं. तिनं मान हलवली आणि पिशवीतून वही काढून लिहिलं, 'नमस्कार काका. मी यशोधरा. मला बोलता येत नाही.'

सुरजनं सगळं सांगितलं. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या गावच्या, परंदवडीच्या, विहारात गाण्यांचा कार्यक्रम होता. यशोधरा दरवर्षी गायची. ऐनवेळी मंडपवाल्याचा माईकचा मिक्सर बंद पडला, तेव्हा सुरजनं तिचा माईक आपल्या गिटारच्या अँपला जोडला. दुसऱ्या कडव्यात अँप गप्प झाला.

"तरी ताई गातच व्हती, बिनामाईकची. पुढच्या रांगंला ऐकू जात व्हतं. जळायला नको म्हून मी अँपचा स्विच बंद केला, तर मागनं ताईचाबी आवाज गेला. लोकांना वाटलं घशाला ताण पडला."

तळेगावच्या डॉक्टरांनी घसा पाहिला होता. स्वच्छ आहे म्हणाले, विश्रांती घ्या. यशोधरा तळेगावातच एका खासगी शाळेत तिसरीला शिकवत होती. शाळा पंधरा जूनला उघडणार होती आणि तोवर बोलता आलं नाही तर दुसऱ्या बाई नेमू, असं मुख्याध्यापकांनी कळवलं होतं. 'मला शिकवण्याशिवाय काही येत नाही', तिनं लिहिलं आणि वही मिटली. मला वाईट वाटलं. पण मी पडलो वायरी जोडणारा.

"पोरी, घशातलं मला कळत नाही," मी म्हणालो. "या पेटीतलं कळतं. ते बघू."

मी नेहमी आधी केबल बदलून पाहतो. निम्म्या वेळा काखेत कळसा आणि गावाला वळसा असतो. केबल चांगली होती. जॅक साफ केले. फ्यूज शाबूत, व्हॉल्व्ह नारिंगी पेटलेले. मागचं फळकूट काढून मीटर लावला, तर प्रत्येक ठिकाणी विजेचा हवा तेवढा दाब. सुरजला गिटार छेडायला सांगून एकेक टप्पा तपासत गेलो. पहिल्या व्हॉल्व्हमधून सिग्नल पुढे जात होता, दुसऱ्यातून जात होता, ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर पडून स्पीकरच्या तारांपर्यंत पोचत होता. राहिला स्पीकर. तोच गेला असणार म्हणून त्याच्या कागदी पडद्यावर बोट टेकवलं.

पडदा थरथरत होता. सुरज तार छेडायचा आणि माझ्या बोटाखाली पडदा चांगला दणका द्यायचा. आवाज मात्र नव्हता. वर पंखा कुरकुरत होता, घाट चढून आलेल्या मालगाडीचा भोंगा वाजला, म्हणजे कान माझे ठीक होते. चाळीस वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. हलणाऱ्या पडद्यातून आवाज निघतोच, त्याला दुसरा काही मार्गच नसतो. मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पडद्यावर ठेवलेला स्क्रू उडून खाली फरशीवर पडला. तो पडल्याचं ऐकू आलं.

"काका, पंखा जरा कमी करता का?"

आम्ही दोघंही वळलो. यशोधरानं स्वतःचं तोंड हातानं झाकलं होतं.

"ताई!" सुरज गिटारसकट धावला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. ती हसत होती, रडत होती, वर्गाची हजेरी घेतल्यासारखी पोरांची नावं म्हणत होती. सार्थक, पायल, पवन, सारिका. मलाही भरून आलं. डॉक्टर म्हणाले तेच खरं, विश्रांतीनं गुण आला, असं म्हणत मी सवयीनं अँपचा स्विच बंद केला.

व्हॉल्व्हचा सेट बंद केला की आवाज लगेच तुटत नाही. कंडेन्सरमध्ये साठलेली वीज दोन-चार सेकंद पुरते, मग आवाज बारीक होतो, जरा फाटतो आणि जातो. यशोधराचा आवाज अगदी तसाच गेला. सारिकाच्या पुढचं नाव फाटकं आलं. त्याच्या पुढच्याला नुसते ओठ हलले.

मी स्विच पुन्हा चालू केला. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. ती ओठ हलवत राहिली. हळूहळू तिचा आवाज वर आला.

एकदा झालं तर योगायोग म्हणावा. मी तीनदा केलं. मग साप साप म्हणून भुई धोपटण्यापेक्षा नीट शोधू म्हटलं आणि डब्यातला नवा व्हॉल्व्ह काढून पहिल्या जागी बसवला. गिटार दुकान दणाणून सोडेल एवढी वाजली. अँप दुरुस्त झाला होता. यशोधरा मुकी होती. जुना व्हॉल्व्ह परत बसवला. गिटार मुकी, आणि यशोधरा म्हणाली, "काका, मला भीती वाटते."

"हा घेतलास कुठून?" मी सुरजला विचारलं.

"कुरवंड्याच्या एका बंगल्यातनं. तिथला साहेब सगळं टाकून गेला, मंग वॉचमन गेणूनं मला दिला." तो अडखळला. "गेणू सांगत व्हता, साहेबाचा ह्यो रातंदिस चालूच असायचा. पन वाजताना कुनी ऐकला न्हाई."

"साहेब काही बोलला नाही त्याबद्दल?"

"साहेब बोलायचाच न्हाई, काका. शेवटी शेवटी निस्त्या चिठ्ठ्या टाकायचा."

"घरी आणल्यावर चालू करून पाहिलास ना? तेव्हा ही कुठे होती?"

"तळेगावला, दवाखान्यात. डॉक्टरांनी तोंडच उघडू नको म्हून सांगितलं व्हतं. मी पाच मिनटं लावला, वाजंना, म्हून बंद केला."

सुरजनं गिटार गवसणीत घातली आणि चेन लावली. "मला नको ह्यो. ताईचा आवाज राहू द्या."

अँप माझ्याकडेच ठेवायचं ठरलं. परंदवडीत वीज तासन्‌तास जाते, माझ्याकडे इन्व्हर्टर होता. मी आणखी एक आणून जोडला. यशोधरानं जाताना विचारलं, "किती दिवस टिकेल, काका?" मी म्हणालो, व्हॉल्व्ह फार टिकतात. ती गेली, रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. अंतराचा फरक पडला नाही. परंदवडीला पोचून तिनं फोन केला, आवाज खणखणीत.

शाळा सुरू झाली. रोज सकाळी सातला तिचा फोन यायचा. "काका, एक, दोन, तीन. ठीक आहे ना?" मी ठीक आहे म्हणायचो. मग दिवसभर काम करता करता अधूनमधून पडद्यावर बोट टेकवायचो. केबल कसलीच जोडलेली नव्हती. तरी ती शिकवत असली की पडदा थरथरायचा. दहाला छोटी सुट्टी झाली की थांबायचा. पाढे चालू असले तर ते ओळखता यायचं मला. वेड लागल्यासारखं वाटेल, पण त्या थरथरीचा मला लळा लागला होता. मूलबाळ नाही, बायको जाऊन सहा वर्षं झाली. दिवसभर कुणीतरी बोलत असतं, एवढं पुरायचं.

जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी तिचा फोन आला नाही. बाहेर धुकं इतकं होतं की समोरच्या पिठाच्या गिरणीचं दार दिसत नव्हतं. मी आल्याआल्या बोट टेकवलं. पडदा चालू होता. बोलते आहे म्हणजे बरी आहे, असं म्हणून मी कामाला लागलो.

दहाची सुट्टी झाली. पडदा थांबला नाही.

शनिवारची शाळा साडेअकराला सुटते. बाराला पुन्हा पाहिलं. बारीक, एकसारखी थरथर. श्वास घ्यायलासुद्धा खंड नाही. शिकवणं असं नसतं. कुणी माणूस इतकं सलग बोलत नाही.

साडेबाराला मोबाईलवर तिचा मेसेज आला. 'काका, रागावू नका, फोन जमला नाही. ताप आहे. काल दुपारपासून पडून आहे, एक शब्दही बोलले नाही. सोमवारी शाळेत जाईन.'

मी दोनदा वाचला.

डावा हात पडद्यावर होता. थरथर चालूच होती.

बंद केला तर तिचा आवाज जाणार, हे मला ठाऊक होतं. पण ती नुसती पडून होती, बोलत नव्हती. क्षणभर बंद करावा, लगेच चालू करावा. तिला कळणारही नाही. आत जे काही बोलत होतं, ते एकदा थांबावं, एवढंच मला हवं होतं.

मी उजवा हात स्विचकडे नेला.

पडदा थांबला.

दुकानात पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. स्विच माझ्या बोटाखाली होता.

दीड महिन्यात त्या स्पीकरमधून साधी गुणगुणसुद्धा आली नव्हती. आता आवाज आला. हळू, स्वच्छ, यशोधराचाच.

"त्र्यंबक, हात काढ."

मी काढला.