तिसरा बार

गेलन थापा मारतो, हे आधीच सांगून टाकतो. त्याने मारलेल्या हरणाची शिंगं दर वर्षी दोन बोटं वाढतात. पण आपल्या स्वयंपाकघरात बसून ही हकीकत सांगताना त्याने समोरच्या कॉफीला हात लावला नाही. त्याची पुतणी रेटा शेजारीच बसली होती आणि तिने एकदाही त्याला अडवलं नाही.

म्हणून मी ती खरी मानतो. तुमचं तुम्ही ठरवा.

जानेवारीचा पहिला शनिवार. पेनसिल्व्हेनियातली स्ट्रॉबची डोंगरधार. दुपारचे साडेतीन.

नाताळानंतरचा शिकारीचा हंगाम म्हणजे फक्त चकमकीच्या ठिणगीने पेटणाऱ्या जुन्या बंदुकांचा. तोंडाकडून दारू ओतायची, गोळी चिंधीत गुंडाळून गजाने तळापर्यंत ठासायची, आणि एकच बार. चुकला तर हरीण तुमच्याकडे बघून निघून जातं.

गेलनने गाडी ओढ्याजवळ लावली. रेटा उतरली. तिच्या हातात तिच्या वडिलांची बंदूक होती.

मर्विनची बंदूक.

"दारू घातलीस?" गेलनने विचारलं.

"काका, तू माझ्या डोक्यावर उभा होतास."

"तरी विचारतो."

"घातली. सत्तर ग्रेन. मग चिंधी, मग गोळी. आता जेवले का तेही विचार."

"गज टाकून दाखव."

रेटाने डोळे फिरवले, पण गज नळीत सोडला. गजावर कोरलेली खूण नळीच्या तोंडाशी बरोबर जुळली. खूण जुळली म्हणजे आत दारू आहे, गोळी आहे, सगळं जागच्या जागी आहे. गेलनने अंगठ्याने खूण चाचपली तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

"बाबा पण इतका छळायचा नाही," रेटा म्हणाली.

गेलनने गज बाहेर काढून तिला परत दिला.

मर्विन हा गेलनचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी याच धारेवर, याच हंगामात गेला. खडकांत पाय अडकून मोडला आणि रात्रभर बर्फात पडून राहिला. सकाळी सापडला तेव्हा त्याच्या पुढ्यात बर्फावर दोन जळक्या चिंध्या होत्या. लाल फ्लॅनेलच्या. मर्विन नेहमी आपल्या जुन्या शर्टाच्याच चिंध्या वापरायचा. म्हणजे त्याने दोन बार काढले होते.

डोंगरात अडचणीत सापडलं तर तीन बार काढतात. हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

तिसरी गोळी नळीतच होती. खाली दारू नव्हती. बोटं गारठलेली, जीव घाबरलेला... दारू ओतायची राहिली आणि गोळी ठासली गेली. मग चाप कितीही ओढला तरी ठिणगी धरायला नळीबाहेर ठेवलेली चिमूटभर दारू भुर्रकन पेटते, बस. बार होत नाही.

गेलनने सगळ्यांना सांगितलं होतं की वारा उलट्या दिशेचा होता. आपल्याला काहीच ऐकू आलं नाही, असं तो म्हणाला होता.

ते खोटं होतं.

पहिला बार त्याने ऐकला होता. पण दोघा भावांची एक जुनी सवय होती. दिवस संपला की भरलेली बंदूक गाडीत ठेवायची नाही, जमिनीत एक बार काढून रिकामी करायची. तो बार ऐकला की दुसऱ्याने समजायचं, चला, घरी. गेलनने तेच समजलं. तो गाडीत जाऊन बसला. काचा वर केल्या, हीटर लावला, रेडिओ लावला. दुसरा बार त्या रेडिओत बुडाला. तासाभराने तो शोधायला निघाला तेव्हा काळोख पडला होता, आणि त्याने शोधलं ते भलत्याच बाजूला.

मर्विनच्या बंदुकीतली ती गोळी गेलनने स्वतः गजाच्या टोकाला स्क्रूसारखं मळसूत्र लावून ओढून काढली. तिला मधोमध मळसूत्राचं भोक पडलं. ती त्याने एका काडेपेटीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवली. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मर्विनची बायको आर्लीन हिलासुद्धा नाही. आर्लीन अजूनही दर वाढदिवसाला गेलनला अक्रोडाचा केक पाठवायची.

आणि यंदा रेटा म्हणाली, बाबाच्या बंदुकीने शिकार करायचीय, काका, तू ने. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

त्याने रेटाला बीचच्या मोठ्या झाडाखाली बसवलं. स्वतः हेमलॉकच्या राईला वळसा घालून, पलीकडून हरणं तिच्याकडे हाकायला निघाला.

"मी उजवीकडून येईन, ओढ्याच्या बाजूने," त्याने बजावलं. "समोरून नाही. समोर मोकळं आहे, तिकडे खुशाल मार."

"हो."

"काम झालं की एक बार जमिनीत. मग गाडीकडे ये."

हे शब्द तोंडातून निघाले आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

राईत शिरला तशी हवा पडली. बर्फ घोट्यापर्यंत. पाखरू नाही, खार नाही. त्याच्या बुटांचा तेवढा आवाज.

वीसेक मिनिटं गेली असतील.

मागे... किर्र.

तो थांबला.

बंदुकीची दारू ठेवायच्या शिंगाचं लाकडी बूच फिरवलं की असा आवाज येतो. त्याने आपल्या शिंगाला हात लावला. बूच घट्ट होतं.

मग... ठक. ठक. ठक.

गजाचे तीन ठोके. गोळी बसली की गेलन दोनच ठोके मारतो, त्यांच्या वडिलांनी तसंच शिकवलं होतं. तीन ठोके मारायची खोड एकट्या मर्विनला होती. त्यासाठी त्याने लहानपणी बोलणी खाल्ली होती.

"कोण आहे?" गेलन म्हणाला.

कुणी नव्हतं. मागे बर्फावर एकच माग होता. त्याचा स्वतःचा.

दुसऱ्या कुणाचा असेल आवाज, डोंगर काय आपल्या बापाचा आहे, असं मनाला समजावत तो पुढे झाला. दहा पावलांवर बर्फात काहीतरी लाल दिसलं.

चिंधी होती. फ्लॅनेलची. कडा काळ्या पडलेल्या.

त्याने वाकून हात लावला आणि लगेच मागे घेतला.

ती गरम होती.

आजूबाजूचा बर्फ अगदी कोरा होता. बार तर कुणी काढला नव्हता. परत फिरावं असं वाटलं, पण रेटा पलीकडे बसली होती.

घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. राईत अंधारून आलं होतं. तेवढ्यात खडकांच्या बाजूने बार झाला.

एक.

त्याचे पाय आपोआप गाडीकडे वळले. रेटाने बंदूक रिकामी केली, चला घरी, त्याने मनाशी म्हटलं. त्याला या राईतून बाहेर पडायचं होतं, दुसरं काही नको होतं. पंधरा-वीस पावलं तो भराभर चालला. डोळ्यांपुढे गाडीचा हीटर होता, बंद काचा होत्या.

किर्र...

या वेळी अगदी कानाशी.

ठक. ठक. ठक.

गेलन जागच्या जागी उभा राहिला. आणि दुसरा बार झाला.

रिकामी करायला दोन बार लागत नाहीत. रेटा पडली. रेटाचं काहीतरी झालं. हे एवढंच त्याच्या डोक्यात आलं. तिसऱ्या बाराची वाट बघत तो श्वास रोखून उभा राहिला. बंदूक भरायला मिनिटभर लागतं. मिनिट गेलं.

बुचाचा आवाज आलाच नाही.

एकदम... ठक. ठक. ठक.

दारू न घालताच गोळी ठासली.

आता तिसरा बार होणार नव्हता. कुठल्याही माणसापेक्षा गेलनला हे जास्त माहीत होतं.

तो धावत सुटला. पासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, हेमलॉकच्या फांद्या तोंडावर घेत सरळ धावला. रेटाला हाक मारायला गेला, पण आवाज फुटेना. ओढ्याच्या बाजूने जायचं, समोरून नाही, हे भानही राहिलं नाही. त्याच्या पुढून एक हरणी उसळली आणि राईबाहेर मोकळ्यात जाऊन थांबली. तिच्या मागोमाग तोही बाहेर आला.

समोर, बीचच्या बुंध्याशी, नारिंगी झळक दिसली.

चकमकीची बंदूक आधी बाहेर पेटते, मग आतून बार होतो. मधे पापणी लवण्याइतका वेळ जातो. तेवढ्या वेळात गेलनला सगळं कळलं. हरणी वाकून निसटली होती. नळी त्याच्या छातीवर होती. हलायला वेळ नव्हता.

बार झाला नाही.

धुराचा एक लहानसा ढग वर गेला. पलीकडे रेटा बंदूक तशीच धरून उभी होती. मग तिने त्याला पाहिलं. बंदूक खाली ठेवून ती गुडघ्यांवर बसली आणि ओकली.

"काका," ती म्हणाली, "तू तिथे कसा? तू तिथून येणार नव्हतास."

"तू दोन बार काढलेस ना?"

"मी? मी आत्ता पहिल्यांदा चाप ओढला. मला वाटलं तूच काढतोयस. दोन ऐकले मी."

"कुठून?"

रेटाने खडकांकडे हात केला. तिथे तिचे वडील सापडले होते. दोघंही तिकडे फार वेळ बघू शकले नाहीत.

गेलनने तिच्या बंदुकीत गज सोडला. गज खूण ओलांडून बोटभर आणखी आत गेला. गोळी तळाशी होती. दारू नव्हती.

"दुपारी जुळली होती," रेटा म्हणाली. "तू अंगठ्याने बघितलीस."

"हो."

"मग दारू कुठे गेली?"

दोघं गेलनच्या घरी आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेलनने बंदूक आडवी धरली, मळसूत्र लावलेला गज आत घातला आणि फिरवायला लागला. शिशात मळसूत्र रुतायला जोर लावावा लागतो. हे सहज बसलं.

गोळी बाहेर आली. तिच्याभोवती लाल फ्लॅनेल होतं.

"मी गादीचं कापड लावलं होतं," रेटा म्हणाली. "निळ्या पट्ट्यांचं."

गेलनने गोळी दिव्याखाली धरली. मधोमध भोक होतं. मळसूत्राचं, जुनं, आतून काळं पडलेलं.

तो उठला. ड्रॉवर उघडला. काडेपेटी काढली आणि उघडली.

रिकामी.

"त्यात काय होतं, काका?"

दोन वर्षांत एवढा सरळ प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्याला खोटं बोलता आलं असतं. पण गोळी दोघांच्या मधे टेबलावर पडली होती.

"तुझ्या बाबाची तिसरी गोळी," गेलन म्हणाला. "आणि मी पहिला बार ऐकला होता, रेटा. मला वाटलं बंदूक रिकामी करतोय. मी गाडीत जाऊन बसलो. हीटर लावून."

रेटाने खुर्ची मागे सरकवली.

"रेडिओ होता?"

"होता."

"कसला?"

"गाणी."

"आईला सांगितलंस?"

"नाही."

ती उठली. आपला कप विसळून पालथा घातला. गोळी कोटाच्या खिशात टाकली, बंदूक उचलली आणि निघून गेली. वाटेत पुलावर गाडी थांबवून तिने ती गोळी ओढ्यात फेकली. त्या रात्री गेलन लहान मुलासारखा रडला, हे त्याने मला आपणहून सांगितलं.

तीन आठवड्यांनी रेटा परत आली. आईला सांगितलंय, म्हणाली. केक आता येणार नाही.

नाहीच आला.

मला हे सगळं सांगून झालं तेव्हा मी आपलं बरं बोलायचं म्हणून बोललो, मर्विनने तुला वाचवलं रे, गेलन.

"मी पण तेच म्हणते याला," रेटा म्हणाली.

गेलनने नकारार्थी मान हलवली.

"माझा भाऊ होता. मला माहीत आहे तो कसा होता ते. त्याने दोन काढले आणि तिसरा माझ्यासाठी राखून ठेवला."

मग त्याने ड्रॉवरमधून काडेपेटी काढली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"गेल्या सोमवारी चष्मा शोधत होतो," तो म्हणाला. "हलवून बघ."

मी हलवली. आत काहीतरी जड घरंगळलं आणि टोकाला आपटलं.

रेटा खिडकीबाहेर बघत होती. मी काडेपेटी खाली ठेवली. उघडली नाही. गेलननेही अजून उघडलेली नाही.

माझं घर धारेच्या अगदी पायथ्याशी आहे. हंगामात दिवस मावळायच्या सुमाराला बार ऐकू येतात, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. हल्ली एक ऐकला की हातातलं काम ठेवून मी मोजायला थांबतो.

परवा दोन ऐकले.

मी दारात आलो. समोरच्या घरी गेलन आपल्या पायरीवर उभा होता, कोट न घालता, धारेकडे कान देऊन. मी हाक मारली. त्याने बघितलं नाही, नुसता हात वर करून मला गप्प राहायला सांगितलं.