दाढेतले बेचाळीस दिवस

पूर्वी दात दुखला की काढत. आता आधी वाचतात. दंतवाचनाच्या खोलीत भिंतभर एकच चित्र होतं, आठ वर्षांच्या शाल्मलीच्या दाढेचं. तिची आई हेमांगी आ वासून बघत राहिली. नखाएवढ्या दाढेत हजारभर रेघा, एकीला चिकटून दुसरी!

"दाताचं कवच रोज एक थर असं चढतं," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या. "दाढ हिरडीत घडत असताना बाळ खंगलं, की त्या दिवसांचे थर कच्चे राहतात. ही ठळक रेघ जन्माची. तिथून दिवस मोजत यायचं."

"अगं बाई! माझ्या लेकीचा एकेक दिवस आहे इथे?"

"एकेक."

हेमांगीच्या अंगावर काटा आला. पण ती आली होती पुरावा न्यायला. शाल्मली पाच महिन्यांची असताना ती प्रशिक्षणासाठी परदेशी गेली, पोर सहा महिने अकोल्याला आजीकडे राहिली. पुढे सहाव्या वर्षी दाढ आली तीच पिवळट, ठिसूळ. गार पाण्याने पोर कळवळायची. गुळाचं पाणी पाजून दात नासवलेस, असं हेमांगीने आईला फोनवर नाही नाही ते ऐकवलं. दोन वर्षं माहेर बंद.

"गुळाचं काय घेऊन बसलात? दाढ तेव्हा बाहेर तरी आली होती का?" डॉक्टर म्हणाल्या. "आजीकडचे थर बघा, कसे भक्कम आहेत. कच्चा पट्टा नऊ मार्चपासून, बेचाळीस दिवसांचा."

आठ मार्चला हेमांगीने पोरीला पुण्याला आणलं होतं. पोर रडायची, घास थुंकायची. नवी जागा आहे, होतं असं, म्हणून तिने सोडून दिलं होतं.

"आता जिवंत लेप देऊ. तो कच्च्या थरांत मुरतो, दाढ जन्मभर टिकते. फक्त रेघा पुसल्या जातात. पुन्हा कुणालाच वाचता येत नाहीत."

हेमांगीला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"आई, आजीनेच खराब केली ना माझी दाढ?" शाल्मलीने खुर्चीतून विचारलं. घरात ऐकलेलंच ती बोलत होती.

हेमांगी खुर्चीजवळ गेली. "नाही बाळा. मी तुला आजीपासून तोडून आणलं, तेव्हा तू दीड महिना धड जेवली नाहीस. त्याचं आहे हे."

शाल्मली चित्राकडे बघत राहिली.

"मग आजीला दाखवल्याशिवाय पुसायचं नाही," ती म्हणाली, आणि तिने तोंड गच्च मिटून घेतलं.